सड्यावरचा वणवा विझला, आता खालच्या उताराकडे बघा

पत्र (थोडक्यात): आम्ही देवगड तालुक्यात सड्याच्या (कातळाच्या माळाच्या) खालच्या अंगाला राहतो. घरात मी, सासूबाई (वय ७४, दम्याचा त्रास) आणि आठवीतला मुलगा. मिस्टर मुंबईला नोकरीत. काजू, थोडी हापूसची कलमं, दोन गायी, एक पाडी. फेब्रुवारीत सड्यावर वणवा लागला. दुपारी दीडला धूर दिसला, दिवेलागणीला आग आमच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकली. वाडीतली माणसं डहाळ्या घेऊन धावली म्हणून घर राहिलं. वरच्या कोपऱ्यातली अकरा काजू होरपळली. वरच्या वाडीतल्या एकाची भाजावळ (शेत भाजायला लावलेली आग) सुटली असं सगळे म्हणतात. मिस्टर म्हणतात, पोलिसात दे आणि गायी विकून मुंबईला ये. सासूबाई म्हणतात, "वणवो काय आज बघतंय? माका खंय न्हेव नको." पुन्हा आग आली तर थांबायचं की निघायचं, हेच कळत नाही. घराखाली रस्त्यापर्यंत काजूच आहे, तिथलं गवत यंदा कापायचं राहिलं. रात्री कुणी चूल पेटवली तरी दचकून उठते.
ता. क. होरपळलेली काजू आताच तोडू का?
— एक वाचक, देवगड तालुका

ताई,

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे आणि मी तिथेच अडकले. "घराखाली रस्त्यापर्यंत काजूच आहे, तिथलं गवत यंदा कापायचं राहिलं." तुमचं सगळं लक्ष सड्याकडे लागलंय, ते साहजिकच आहे. पण फेब्रुवारीतली आग त्यातल्या त्यात सोप्या बाजूने आली होती.

दीडला धूर दिसला आणि गडग्याशी आग पोचायला संध्याकाळ झाली. सड्याच्या कडेपासून तुमच्या गडग्यापर्यंत अंतर ते कितीसं? तरी एवढा वेळ लागला, कारण आग उतार उतरत होती आणि दुपारचा खारा वारा तिला समोरून अडवत होता. आग चढाला धावते आणि उताराला रांगते. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, त्या धगीने पुढचं गवत पेटायच्या आधीच तापून कोरडंठाक झालेलं असतं. ढोबळ हिशेब असा की चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. रांगणारी आग डहाळीने झोडपून विझवता येते, धावणाऱ्या आगीसमोर डहाळी घेऊन उभं राहू नये. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ ला वीसहून जास्त ट्रेकर गेले. तिथेही वाळलेलं गवत होतं, उभा चढ होता आणि सोबत वारा होता.

आता तुमचं घर बघू. खाली रस्ता, त्याच्या पलीकडे खाडी, म्हणजे उतार पश्चिमेला तोंड करून. दुपारी बारा-एकनंतर वारा समुद्राकडून येतो, म्हणजे रस्त्याकडून थेट तुमच्या खळ्याकडे (अंगणाकडे). रस्त्याच्या कडेला कुणी विडी टाकली, कचरा पेटवला किंवा विजेच्या तारांची ठिणगी पडली, तर चढ आणि वारा दोन्ही आगीच्या बाजूने असतील. मग फेब्रुवारीसारखे पाच तास सोडा, अर्धा तास मिळाला तरी नशीब म्हणायचं. काजूच्या बुंध्याखालचा पातेरा (वाळका पाला) लवकर कुजत नाही, ढीग साठतो, आणि त्यात पडलेल्या बोंडांच्या बियांच्या टरफलात तेल असतं. तुमच्या गवतापेक्षा मला त्या पातेऱ्याची जास्त काळजी वाटते.

रात्री हिशेब उलटतो. अंधार पडल्यावर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो, म्हणजे सड्यावरून तुमच्याकडे. म्हणून सड्यावरची आग विझली असं सगळ्यांनी म्हटलं तरी त्या रात्री आणि पुढच्या दोन-तीन रात्री कुणीतरी वर जाऊन बघायला हवं. जुना बुंधा, शेणाचा ढीग, वाळवीचं वारूळ आतून धुमसत राहतं. हाताची पाठ जवळ नेली की धग कळते, हात लावायची गरज नाही. पाणी ओतून, उकरून, परत ओतायचं. नुसती माती टाकली तर ते खाली धुमसतच राहतं.

तर या आठवड्यात काय करायचं. मार्च लागलाय, पाऊस तीन महिने लांब आहे, आणि तुमच्याकडे माणसं फार नाहीत. म्हणून सगळी बाग साफ करायच्या नादी लागू नका, दमून अर्ध्यावर सोडाल. रस्त्याच्या कडेला, बागेच्या खालच्या हद्दीवर, दहा-बारा फुटांचा पट्टा माती दिसेपर्यंत साफ करून घ्या. गवत नुसतं कापून तिथेच टाकू नका, दंताळ्याने ओढून बाहेर काढा, कारण कापून पडलेलं वाळकं गवतही पेटतं. पट्टा पेटवून करा असं कुणी सुचवेल. मार्चमध्ये ते नको. डिसेंबरात दव असताना, सकाळी लवकर, पाणी आणि चार बाप्ये हाताशी असताना ते जमतं. आता ती नवीन आगीची सुरुवात ठरेल.

मग घर. तुम्ही लिहिता की पेंढ्याची उडवी गोठ्यामागे आहे आणि खळ्यात माटव (मांडव) घातलाय. आपल्याकडची चिरेबंदी घरं गवताच्या आगीत सहसा भिंतीतून पेटत नाहीत. पेटतं पान उडत येतं आणि बसायला जागा शोधतं. झापांचा माटव त्याला आयतीच जागा. उडवी, मागीलदारी रचलेली लाकडं, कौलांच्या पन्हळीत साठलेला पाला, भिंतीला टेकलेली वाळकी झावळ, हीच घर पेटायची ठिकाणं. मंगलोरी कौलांच्या फटीतून ठिणगी आत शिरते आणि माळ्यावर जुनी पोती, पेंढा, कागद असले की खेळ संपतो. शिडी लावून एकदा माळा बघाच. भिंतीपासून पाच फुटांत काही जळण्याजोगं ठेवू नका. उडवी आणि लाकडं तीस फूट तरी लांब, आणि शक्य असेल तर घराच्या वरच्या बाजूला न्या. माटव यंदा काढता आला तर काढा. सावली गेली म्हणून सासूबाई बोलतील. बोलू देत, जुनी साडी बांधून त्यांना सावली करून द्या.

आता पाणी. विहिरीवरचा पंप विजेवर चालतो आणि आग लागली की वीज पहिली जाते, कधी कंपनीच बंद करते. म्हणून पिंपं भरलेली हवीत. तुमच्याकडे कलमं आहेत म्हणजे तुडतुड्यांच्या फवारणीचा एचटीपी (जास्त दाबाने फवारणारा) पंप घरात किंवा शेजारी असणारच. तो पेट्रोलवर चालतो, नळी लांब असते, पाणी जोरात जातं. वणव्यासाठी याच्याहून चांगलं हत्यार वाडीत मिळायचं नाही. फक्त त्यातलं औषध धुऊन काढा, दोनशे लिटरचं एक पिंप निव्वळ पाण्यासाठी बाजूला ठेवा, आणि पेट्रोलचा कॅन घरापासून लांब. मुलाला चालू करायला शिकवा, पण आगीजवळ पाठवायचं नाही. तेरा-चौदाच्या पोरांना वणव्याची भीती कमी आणि हौस जास्त.

आता तुमचा खरा प्रश्न, थांबायचं की निघायचं. माझं उत्तर आग कुठल्या बाजूला आहे यावर बदलतं.

आग सड्यावर, दिवसा: वेळ आहे. सासूबाईंना लगेच हलवा, गायी सोडा, माणसांना फोन लावा, वाडी जमली तर विझवायला थांबा. आग रस्त्याच्या बाजूला, दुपारी: काहीही विझवायच्या भानगडीत न पडता निघायचं. आणि निघायचं आडव्या बाजूने. जवळची पायवाट सड्यावर जाते म्हणून लोक वर पळतात, आग त्यांच्याच मागे चढत येते. तुमच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला जे कुणगे आहेत, भात कापून गुरं चरलेले, तिथे जळायला काही उरलेलं नसतं. तिथे जा. आजच मुलाला बरोबर घेऊन ती वाट चालून बघा. कुंपणाला मध्ये बेडं (जायला-यायला फाटक) नसेल तर करून घ्या. सासूबाईंना वय धरून किती वेळ लागतो तेही बघा.

वाट अडली, तर धूर-ज्वाळांतून धावत सुटू नका. घरात या, दारं-खिडक्या लावून घ्या, गॅसचा रेग्युलेटर बंद करा, फटींना ओले कपडे लावा, आगीच्या उलट्या बाजूच्या खोलीत बसा. गवताची आग एका जागी फार वेळ थांबत नाही, पुढे सरकते. ती सरकली की बाहेर येऊन छप्पर बघायचं आणि जळून काळी झालेल्या जागेत जायचं, तीच आता सुरक्षित. विहिरीत उतरायचा विचार मात्र मनात आणू नका. धूर खोलगट जागेत बसतो आणि विहिरीत गुदमरायला वेळ लागत नाही.

गायी. दावं कापा किंवा सोडा, पण बांधून ठेवू नका. शक्य तर त्याच कुणग्यात नेऊन सोडा, नाही जमलं तर नुसतं मोकळं करा आणि गोठ्याचं दार बाहेरून लावून टाका, म्हणजे घाबरून परत आत शिरणार नाहीत. घाबरलेलं जनावर ओळखीच्या जागी पळतं, मग ती जागा पेटलेली का असेना. गोठ्यात खिळ्याला एक कोयता कायमचा अडकवून ठेवा. गाठ सोडायला त्या वेळी बोटं चालत नाहीत.

अंगावर काय आहे तेही बघा. घरात तुम्ही बहुधा मॅक्सीत असाल, आणि हल्ली मॅक्सी म्हणजे पॉलिस्टर. ठिणगी पडली की ते कापड वितळून कातडीला चिकटतं. दाराच्या मागे एक जाडी सुती साडी किंवा जुनी जीन्स, सुती सदरा आणि बूट ठेवा. चपलेने निखाऱ्यातून चालता येत नाही. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा, टूथपेस्ट, बर्फ, हळद काही नको, आणि १०८ ला फोन.

वाडीतली माणसं डहाळ्या घेऊन धावतात ती हिंमत मोठीच, पण पुढच्या वेळी एवढं सांगा की आगीच्या तोंडाशी उभं राहू नका, जळलेल्या बाजूला राहून कडेकडेने झोडपत पुढे सरका. डहाळी वर उचलून आपटली की ठिणग्या उडतात. दाबून, ओढून विझवायचं.

फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा, मोबाईलमध्ये नकोत, कारण त्या दिवशी मोबाईल मुलाच्या हातात नाहीतर चार्जिंगला असतो. वनविभागाची मदतवाहिनी १९२६, अग्निशमन १०१, सगळ्यासाठी एक ११२. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की उपग्रहाला तुमच्या भागात वनक्षेत्रात आग दिसली तर एसएमएस येतो. मुलगा पाच मिनिटांत करून देईल. पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा वरून जातो आणि छोटी आग, खासगी सड्यावरची, त्याला दिसेलच असं नाही. वाडीचा व्हॉट्सअॅप ग्रुप त्याच्याहून लवकर ओरडतो. गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य पेटलं तेव्हा हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतायला आली होती. आपल्या सड्यासाठी कुणी हेलिकॉप्टर काढणार नाही, आपल्याला शेजारीच.

आणि म्हणूनच शेजाऱ्याबद्दल तुमच्या मिस्टरांशी माझं जमत नाही. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि खासगी जागेत निष्काळजीपणे आग सोडली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे. कायदा आहेच. पण "सगळे म्हणतात" हा पुरावा नाही. तक्रार करून तुम्ही मुलासह तिथेच राहणार आणि मिस्टर मुंबईला. पुढच्या वणव्यात वरची वाडी डहाळ्या घेऊन धावली नाही तर?

शिमग्याला चाकरमानी येतील, मिस्टरही येतील. गाव देवळात बसेल तेव्हा त्यांनी, तुम्ही नव्हे, हा विषय काढावा. नाव कुणाचं घ्यायचं नाही. मागणी एवढीच: भाजावळ करायची तर आदल्या दिवशी ग्रुपवर सांगायचं, सकाळी नऊच्या आत आटपायची, भोवती माती उघडी करायची, आणि राख गार होईपर्यंत माणूस हलायचं नाही. ज्याची सुटली त्याला ऐकू जाईल, न बोलता. ग्रामसभेत ठराव झाला तर उत्तम, मग पुढच्या वर्षी तक्रारीला कागद असेल. "जाळल्याशिवाय गवत चांगलं येत नाही" असं म्हणणारा एखादा निघेलच. कोंब लवकर हिरवे दिसतात हे खरं, पण उघड्या पडलेल्या सड्यावर आपला तीन हजार मिलिमीटरचा पाऊस पडतो आणि राख मातीसकट खाडीत जाते. हे त्याला पटेल असं मला वाटत नाही. नऊच्या आत आटपायला पटलं तरी पुरे.

नुकसानीचा पंचनामा अजून केला नसेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या, झाडांचे फोटो जोडा. फळपीक विमा हवामानावर बेतलेला आहे, अवकाळी पाऊस, तापमान वगैरे, आगीचे पैसे त्यातून मिळायचे नाहीत. तरी कागद असू द्या. पुढेमागे आग तारांमुळे लागली असं दिसलं, तर त्याच दिवशी पोलिसांना कळवून विद्युत निरीक्षकांच्या तपासणीची मागणी करायची, जळलेल्या तारा कुणी बदलायच्या आधी फोटो काढायचे.

सासूबाईंशी "घर सोडा" या भाषेत बोलू नका. त्यांनी पन्नास वर्षं त्या घरात वणवे बघितलेत आणि त्यांचं म्हणणं सगळं चूकही नाही, घर बहुधा राहीलच. पण त्यांचा दमा तेव्हाचा नाही. धुराने दमा उसळतो, ज्वाळा फर्लांगभर लांब असल्या तरी. तेव्हा बोलणं धुराचं ठेवा. "आई, धूर आलाय, दोन तास खालच्या वाडीत काकींकडे बसून या, दिवेलागणीला मी न्यायला येते." ओल्या फडक्याने धुराचे बारीक कण अडत नाहीत, एन-९५ मास्क घ्या, दम्याचा पंप आणि गोळ्यांची पिशवी त्याच मास्कसोबत दाराशी. आणि हे आधी एकदा साध्या दिवशी करून बघा, काकींकडे चहाला म्हणून. त्या एकदा गेल्या की दुसऱ्यांदा जातात.

गायी विकायच्या की नाही, मुंबईला जायचं की नाही, हे वणव्यावरून ठरवू नका. तुम्हाला तिथे राहायचं नसेल तर ते वेगळं कारण आहे आणि ते वेगळं बोला. पत्रात मला तसं कुठे दिसलं नाही. गायी तर तुम्ही नावांनिशी लिहिल्यात.

चुलीच्या वासाने दचकणं अजून काही आठवडे चालेल. घर जळता जळता वाचलेल्या माणसाचं ते होतंच. झोपण्याआधी खळ्यात एक फेरी मारा, सड्याकडे आणि रस्त्याकडे बघा, पिंप भरलंय ते बघा आणि मग दार लावा. रात्रीतून पुन्हा उठून बघायचं नाही, ती पाळी शिमग्याला मिस्टर असतील तोवर त्यांची, एरवी दिराला किंवा शेजारी सांगा. महिना उलटला तरी झोप येत नसेल, छातीत धडधडत असेल, तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि कुणाला सांगायची गरज नाही.

ता. क. चं उत्तर. काजू आता तोडू नका. सुरीने बुंध्याची साल जराशी खरवडा, आत हिरवं-ओलं असेल तर झाड जिवंत आहे. पानं गेली म्हणून ते गेलं असं नाही. उघड्या पडलेल्या सालीला ऊन भाजतं, त्यावर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या बादलीत भिजवून मग एकत्र. बुंध्याला थोडं पाणी देता आलं तर द्या. पावसाळ्यात फुटवा कुठून येतो ते बघून सुकलेलं तेवढंच कापा. बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसायला लागला तर रोठा (खोड पोखरणारी अळी) शिरलाय, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात विचारा, होरपळलेल्या झाडाला तो लवकर लागतो. जी झाडं जुलैपर्यंत फुटली नाहीत ती काढा आणि नवी कलमं पाऊस आहे तोवर लावा. फक्त गडग्याला लागून असलेल्या ओळीत परत लावू नका. ती ओळ मोकळीच ठेवा, दिवाळीनंतर तिथलं गवत खरवडायला माणूस सांगून ठेवा.